पाच प्राणी, एक उद्यान आणि यादीतून गळलेला सहावा

१/
दक्षिण आफ्रिकेचे चलन रँड. त्याच्या दहाच्या नोटेवर गेंडा आहे, वीसच्या नोटेवर हत्ती, पन्नासच्या नोटेवर सिंह, शंभरच्या नोटेवर आफ्रिकी रानम्हैस आणि दोनशेच्या नोटेवर बिबट्या. २०१२ मध्ये नोटांच्या दर्शनी बाजूस नेल्सन मंडेला आले आणि हे पाच प्राणी मागील बाजूस गेले. परंतु नोटेवरून ते हटले मात्र नाहीत.

२/
या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हणतात. ही यादी प्राणिशास्त्रज्ञांनी केलेली नाही. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोकादायक ठरतात, त्यांना शिकाऱ्यांनी दिलेले हे नाव. पुढे बंदूक गेली, कॅमेरा आला, पण यादी तीच राहिली. आज महाराष्ट्रातून गेलेला प्रवासीही क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून परतला, की त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो: "पाचांपैकी किती दिसले?"

३/
आजचा धागा या पाच प्राण्यांचा आहे. परदेशातील एखाद्या उद्यानात दिसणारा प्राणी अनादि काळापासून तेथे तसाच नांदत आला असावा, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो तेथे का आहे, किती संख्येने आहे आणि आपल्याला इतक्या जवळून का दिसतो, याचे उत्तर पुष्कळदा माणसांनी घेतलेल्या निर्णयांत सापडते. त्या निर्णयांची किंमत कोणी मोजली, हेही तेथेच सापडते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

४/
प्रथम स्थळ. क्रूगर हे दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला लागून पसरलेले उद्यान. दक्षिणेस क्रोकोडाइल नदी, उत्तरेस लिंपोपो, आणि क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. क्रूगर त्याच्याहूनही मोठे आहे.

५/
१८९८ मध्ये ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारने साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधील प्रदेश 'साबी गेम रिझर्व्ह' म्हणून राखून ठेवला. 'गेम' हा शब्द लक्षात घ्यावा. त्याचा अर्थ शिकारीचे जनावर. शिकारीची जनावरे संपत चालली होती. ती वाढावीत, म्हणून हा राखीव साठा होता.

६/
लगेचच बोअर युद्ध पेटले (१८९९–१९०२). बोअर हरले, ट्रान्सवाल ब्रिटिशांकडे गेले. नव्या सरकारने १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याला या राखीव क्षेत्राचा वॉर्डन नेमले. हा माणूस १९४६ पर्यंत त्या पदावर राहिला. पुढील कथेत तो वारंवार भेटेल.

७/
पहिला प्राणी: सिंह.
आज ज्याच्यासाठी गाड्यांची रांग लागते, तो सिंह त्या काळी 'उपद्रवी' वर्गात मोडत असे. हरणे वाढवायची, तर हरणे खाणारे कमी करायला हवेत, असा सरळ हिशेब होता. म्हणून वॉर्डन आणि त्याचे रेंजर सिंह, बिबटे, चित्ते, रानकुत्रे आणि मगरी यांना दिसतील तेथे मारीत. संरक्षित क्षेत्रातच शेकडो सिंह सरकारी गोळीने मेले.

८/
सिंहाची प्रतिमा कशी होती, हे एका प्रसंगावरून कळते. ऑगस्ट १९०३ मध्ये हॅरी वोल्हुटर हा रेंजर तिन्हीसांजेला घोड्यावरून जात असता सिंहाने त्याला खाली पाडले आणि खांद्यात दात रोवून फरफटत नेले. वोल्हुटरने डाव्या हाताने कमरेचा सुरा काढला आणि सिंहाला भोसकले. मग जखमी अवस्थेत झाड गाठले, आणि भोवळ येऊन पडू नये म्हणून स्वतःला पट्ट्याने फांदीला बांधून घेतले. खाली दुसरा सिंह घिरट्या घालीत होता. त्याला वोल्हुटरच्या कुत्र्याने भुंकून झुलवत ठेवले. तो सुरा आणि त्या सिंहाचे कातडे आजही स्कुकुझा येथे पाहायला मिळते.

९/
मग या 'शत्रू'चा नायक कसा झाला? दीर्घ निरीक्षणानंतर खुद्द स्टीव्हन्सन-हॅमिल्टन शिकारी प्राण्यांना निसर्गाच्या तोलाचा आवश्यक भाग मानू लागला होता. परंतु केवळ त्याच्या मतपरिवर्तनाने हे घडले नसते. दुसरे कारण आगगाडीचे आहे.

१०/
राखीव क्षेत्रातून 'सेलाटी' रेल्वेमार्ग गेला होता. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकी रेल्वेने ट्रान्सवालची नऊ दिवसांची सहल सुरू केली. तिचे नाव 'राउंड इन नाइन'. राखीव क्षेत्र हा या सहलीतील एक थांबा. रेल्वेला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. पण रात्री शेकोटीभोवती बसावे, अंधारातून डरकाळी ऐकू यावी, सकाळी रेंजरबरोबर थोडे पायी फिरावे, हेच पाहुण्यांना सर्वाधिक भावले. आणि पाहायचे काय होते? हरणे नव्हेत, सिंह.

११/
१९२६ मध्ये संसदेने राष्ट्रीय उद्यान कायदा संमत केला आणि साबीसह उत्तरेकडील क्षेत्र मिळून क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले. १९२७ मध्ये मोटारींना प्रवेश खुला झाला. शुल्क एक पौंड. त्या वर्षी आत आल्या अवघ्या तीन मोटारी. १९२८ मध्ये १८०. १९२९ मध्ये ८५०.
आता सिंह मारणे म्हणजे उद्यानाचे उत्पन्न मारणे होते. ज्याच्या दर्शनासाठी लोक पैसे मोजतात, तो प्राणी उपद्रवी राहत नाही. सिंहही मोटारीला सरावले. मोटारीतून गोळी येत नाही, हे त्यांना पिढी-दोन पिढ्यांत उमगले. आज सिंह गाडीच्या सावलीत निवांत झोपलेला दिसतो, त्यामागे हा शंभर वर्षांचा परिचय आहे.

१२/
जाता जाता नावाविषयी. उद्यानाला पॉल क्रूगर यांचे नाव का दिले? १९२६ चे विधेयक मांडणारे जमीनमंत्री पीट ग्रोब्लर हे क्रूगर घराण्याशी नात्याने बांधलेले होते, आणि बोअर युद्धातील पराभवाचा सल आफ्रिकानेर समाजात अजून ताजा होता. क्रूगर यांच्या नावाने त्या समाजाचा अभिमान उद्यानाशी जोडला गेला. क्रूगर हे दूरदर्शी वन्यजीवरक्षक होते, ही प्रतिमा मुख्यतः नंतर घडवली गेली, हे इतिहासकार जेन कॅरथर्स यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले आहे.

१३/
दुसरा प्राणी: हत्ती.
स्टीव्हन्सन-हॅमिल्टन आला तेव्हा साबी क्षेत्रात हत्ती नव्हता. एकही नाही. हस्तिदंताच्या व्यापाराने तो आधीच नामशेष झाला होता. १९०५ च्या सुमारास उत्तरेकडे, लेटाबा आणि ऑलिफंट्स नद्यांच्या संगमाजवळ, दहाएक हत्ती असल्याचे आढळले. गंमत अशी, की 'ऑलिफंट्स' या नदीनामाचा अर्थच मुळी 'हत्ती'! नाव उरले होते, प्राणी उरला नव्हता.

१४/
आजचे हत्ती बव्हंशी सीमेपलीकडून, मोझांबिकमधून पायी परतलेल्या हत्तींचे वंशज आहेत. पुढे संरक्षण इतके यशस्वी झाले, की उलटाच प्रश्न उभा राहिला. हत्ती फार झाले, झाडे उरणार नाहीत, असे ठरवून १९६७ ते १९९४ या काळात उद्यान प्रशासनानेच चौदा हजारांहून अधिक हत्ती मारले. म्हणजे आपण पाहतो त्या कळपाचा आकारही कित्येक वर्षे कार्यालयात ठरत होता.

१५/
तिसरा प्राणी: गेंडा.
क्रूगरमधील पांढरा गेंडा हा 'मूळचा' आहे का? जात मूळची, पण वंश मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातील पांढरे गेंडे शिकारीने संपले. ही जात जेमतेम तगली ती शेकडो किलोमीटर दूर, झुलुलँडमधील उंफोलोझी येथे. १९६० च्या दशकात तेथे 'ऑपरेशन ऱ्हायनो' ही मोहीम सुरू झाली. गेंड्यांना गुंगीचे औषध देऊन, पेटाऱ्यांत घालून, मालमोटारींनी अन्यत्र पोहोचवण्यात आले. १९६१ मध्ये पहिले काही गेंडे क्रूगरला आले. काळा गेंडा परतला तो १९७१ मध्ये.

१६/
म्हणून क्रूगरच्या रस्त्यावर गेंडा आडवा आला, तर समजावे की याचे पूर्वज मालमोटारीतून आले. त्याचे शिंग कापलेले दिसले, तर त्यातही इतिहास आहे. २००८ नंतर चोरट्या शिकारीने पुन्हा उग्र रूप धारण केले, आणि गेंड्याचा जीव वाचावा म्हणून रक्षकच त्याचे शिंग उतरवू लागले. नोटेवरील गेंडा शिंगासह आहे. रानातील मात्र प्रत्येक वेळी असेलच असे नाही.

१७/
चौथा प्राणी: आफ्रिकी रानम्हैस.
हिच्या इतिहासात एक रोग आहे: बुळकांडी. आपल्याकडील जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना हे नाव नवे नाही. १८८७ च्या सुमारास इरिट्रियाच्या किनाऱ्यावर गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली. ती गुरे भारतातून आली असावीत, असे मानले जाते. दशकभरात रोग खंड ओलांडून १८९६ मध्ये झांबेझीच्या दक्षिणेस पोहोचला. लाखो गुरे मेली. रानम्हशीही मोठ्या प्रमाणावर मेल्या. राखीव क्षेत्र स्थापन झाले, तेव्हा तेथे रानम्हशी मूठभर उरल्या होत्या.

१८/
मराठी वाचकासाठी येथे एक दुवा. या साथीवर उपाय शोधण्यासाठी जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना किंबर्लीला पाचारण करण्यात आले होते. १८९७ मध्ये ते तेथून थेट मुंबईला निघाले, प्लेगच्या अभ्यासासाठी. ज्या प्लेगच्या छायेत त्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला, तोच हा प्लेग. साम्राज्याच्या जहाजांतून रोग फिरत होते आणि त्यांच्या मागोमाग शास्त्रज्ञही.

१९/
बुळकांडीचा आणखी एक परिणाम झाला. या सखल प्रदेशात त्से-त्से माशी होती. तिच्यामुळे गुरे आणि घोडे मरत, म्हणून गोरे पशुपालक या भागापासून दूर राहत. बुळकांडीने जनावरे मेली, त्यांच्या रक्तावर जगणारी माशीही नाहीशी झाली, आणि जमीन एकाएकी गुराढोरांना योग्य ठरली. पुढील पाव शतक राखीव क्षेत्राची जमीन चराईसाठी मोकळी करा, अशी मागणी होत राहिली. राष्ट्रीय उद्यानाचा पक्का कायदा हवासा वाटू लागला, त्याचे हे एक कारण.

२०/
रानम्हशीमुळे कुंपणही आले. ती स्वतः आजारी न पडता लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू बाळगते. शेजारच्या गोमांस उत्पादकांच्या रक्षणासाठी १९६० च्या सुमारास उद्यानाच्या पश्चिम सीमेवर कुंपण घातले गेले. त्यामुळे ऋतुमानानुसार पश्चिमेकडे चरायला जाणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपांची वाट अडली. नकाशावरील रेघ जमिनीवर अशी उतरते.

२१/
पाचवा प्राणी: बिबट्या.
क्रूगरमध्ये स्वतःची गाडी घेऊन हिंडणाऱ्यास बिबट्या दिसणे हा नशिबाचा भाग. पण शेजारच्या 'साबी सँड' या खासगी राखीव क्षेत्रात तो बराच सहज दिसतो. याचे मूळ जमिनीच्या मालकीत आहे. १९२६ मध्ये सीमा आखताना पश्चिमेकडील बरीच खासगी जमीन बाहेर ठेवली गेली. तेथे पुढे खासगी राखीव क्षेत्रे आणि महागडी निवासस्थाने उभी राहिली. १९९३ मध्ये मधले कुंपण काढण्यात आले. आता बिबट्या दोन्हीकडे मोकळा फिरतो. त्याच्या मागे रस्ता सोडून गाडी घालण्याची मुभा मात्र भरपूर दाम मोजणाऱ्यालाच मिळते.

२२/
पाहण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न याहून जुना आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या पाहुण्यांची राहण्याची सोय वेगळी आणि अत्यंत तुटपुंजी असे. तरीही ते येत होते. इतिहासकार जेकब ड्लामिनी यांनी 'सफारी नेशन' (२०२०) या ग्रंथात हेच दाखवले आहे, की कृष्णवर्णीयांचे क्रूगरशी असलेले नाते केवळ बहिष्काराचे नव्हते. ते मजूर होते, वाटसरू होते आणि हौशी पर्यटकही होते. ग्रंथाच्या नावातील 'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आला. आपल्या मराठीतील 'सफर'ही तीच.

२३/
आणि आता सहावा, यादीतून गळलेला: माणूस.
क्रूगर ही निर्मनुष्य भूमी होती, हा समज उद्यानातच खोटा ठरतो. उत्तर भागात, लुवुवु नदीकाठच्या टेकडीवर थुलामेला हे दगडी भिंतींचे प्राचीन राजकेंद्र आहे. तेथे सोन्याचे अलंकार, काचमणी आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. म्हणजे युरोपीय येण्यापूर्वीच ही टेकडी हिंदी महासागराच्या व्यापाराशी जोडलेली होती. मासोरिनी येथे लोखंड गाळणाऱ्यांची वस्ती पुन्हा उभारून दाखवली आहे.

२४/
मग ही माणसे गेली कोठे? उद्यानाच्या मुख्य ठाण्याचे नावच पाहा: स्कुकुझा. स्थानिक त्सोंगा लोकांनी स्टीव्हन्सन-हॅमिल्टनला हे नाव दिले. अर्थ दोन सांगतात: 'झाडून साफ करणारा' किंवा 'सारे उलथेपालथे करणारा'. आल्याबरोबर त्याने साबी क्षेत्रातील वस्त्या हटवल्या, त्यावरून हे नाव पडले. १९३६ मध्ये ठाण्यालाही तेच नाव मिळाले. आज पर्यटक विमानाने थेट स्कुकुझाला उतरतात. ज्याने घरे हटवली, त्याला हटवलेल्यांनी ठेवलेले नाव ते पाटीवर वाचतात, आणि पुढे सिंह शोधायला निघतात.

२५/
गाडी ज्यावरून धावते, त्या रस्त्यांचाही इतिहास आहे. मोझांबिकमधून कामाच्या शोधात परवान्याविना येणाऱ्या मजुरांना उद्यानात पकडले जाई. त्यांच्याकडून सुमारे दोन आठवडे काम करून घेत आणि मग पुढे जाण्याचा परवाना देत. सुरुवातीच्या काळातील पर्यटकांचे रस्ते आणि छावण्या यांत या सक्तीच्या श्रमाचा मोठा वाटा आहे.

२६/
सर्वांत अलीकडची जखम १९६९ ची. लिंपोपो आणि लुवुवु या नद्यांमधील पाफुरीच्या त्रिकोणात मकुलेके समाजाची गावे होती. वर्णभेदी सरकारने सुमारे तीन हजार लोकांना तेथून बळाने हलवले. बंदुकीच्या धाकाने त्यांना स्वतःची घरे जाळावी लागली. ती जमीन उद्यानात सामील झाली आणि पाहुण्यांना ती 'अस्पर्श अरण्य' म्हणून दिसू लागली.

२७/
वर्णभेद संपल्यावर १९९४ मध्ये जमीन पुनःप्राप्ती कायदा आला. मकुलेके समाजाने दावा केला आणि १९९८ मध्ये वीस हजारांहून अधिक हेक्टर जमीन त्यांच्या मालकीची झाली. आपल्या भाषेत बोलायचे, तर सातबाऱ्यावर त्यांचे नाव परत लागले. त्यांनी तेथे पुन्हा गावे वसवली नाहीत. जमीन वन्यजीवांसाठीच ठेवून, ती उद्यानाबरोबर मिळून सांभाळायची आणि पर्यटनाचे उत्पन्न समाजाला मिळवायचे, असा करार त्यांनी केला. वन्यजीव हवेत तर माणसे नकोत, या जुन्या गृहीतकाला दिलेले हे फार शांत आणि फार ठाम उत्तर आहे.

२८/
येथे कोणी म्हणेल, उद्याने नसती तर हे प्राणी उरले असते का? बहुधा नाही. १९०२ साली ज्या भूमीवर हत्ती नव्हता, त्या भूमीवर आज हजारो हत्ती आहेत; ही सिद्धी लहान नाही. परंतु सिद्धीचे श्रेय एकाला आणि तिची किंमत दुसऱ्याच्या माथी, असा हिशेब इतिहासाने नोंदवायला हवा. हा प्रश्न आपल्याला परका नाही. मेळघाट आणि ताडोबा येथून हलवलेल्या गावांविषयी आपण किती वाचले आहे, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे.

२९/
तेव्हा परदेशातील कोणत्याही राष्ट्रीय उद्यानात जाल, तर दुर्बिणीबरोबर चार प्रश्नही न्यावेत. हा प्राणी येथे सतत होता, की परत आला, की आणला गेला? त्याला पूर्वी कोणत्या नावाने ओळखत: शिकार, उपद्रव की वैभव? या नद्यांची, टेकड्यांची आणि ठाण्यांची नावे कोणाच्या भाषेत आहेत? आणि येथे पूर्वी चूल कोणाची पेटत होती?

३०/
पाच प्राणी दिसले नाहीत तरी प्रवास वाया जात नाही. पाफुरीच्या बाओबाब वृक्षांखाली, लुवुवुच्या काठी उभे राहिल्यास समोरच्या पाण्यात पाणघोडे दिसतील, आकाशात मत्स्यगरुड दिसेल. पायाखालची जमीन मकुलेकेंची आहे आणि आपण त्यांचे पाहुणे आहोत, एवढे ठाऊक असले, तर पाहिलेले अधिक पूर्ण होईल.

(धागा समाप्त. आपण परदेशातील एखादे उद्यान पाहिले असेल आणि तेथील प्राण्यांमागे किंवा गावांमागे असा इतिहास आढळला असेल, तर खाली अवश्य लिहावे.)